एक फाईल, अनेक रिलीज : कॉपी करायची की वाटून घ्यायची?

(या भागाचा लिखित मजकूर. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)

फोन खिशात टाकून ऐकत असाल तर एक मिनिट बाहेर काढा. अँड्रॉइड असेल तर सेटिंग्जमध्ये जा, ‘अबाउट फोन’ उघडा, तिथं कायदेशीर माहितीचा विभाग असतो, आणि त्यात ओपन सोर्स लायसन्सची यादी. स्क्रोल करून अंगठा दुखेल, पण यादी संपायची नाही. त्या गर्दीत झेडलिब हे नाव शोधा. सापडेल.

झेडलिब म्हणजे डेटा दाबून लहान करायचा आणि परत उलगडायचा, एवढंच काम करणारा कोड. जाँ-लू गाई आणि मार्क अॅडलर या दोघांनी लिहिलेला, १९९५ मध्ये पहिल्यांदा बाहेर आलेला. पीएनजी चित्र उघडलंत की याचंच तंत्र कामाला लागतं. तुमच्या फोनमध्ये आहे, लॅपटॉपमध्ये आहे, ब्राउझरमध्ये आहे.

आता माझा प्रश्न असा. हा कोड इतक्या ठिकाणी आहे म्हणजे नेमका कसा आहे? सगळे मिळून एकच फाईल वापरतात, की प्रत्येकाकडे आपापली कॉपी आहे? आणि त्यात उद्या बग सापडला तर दुरुस्ती कितीदा करायची? एकदा, की हजारदा?

प्रश्न किरकोळ वाटतो. पण व्हर्जन कंट्रोल नावाच्या प्रकाराचा जवळजवळ सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो. गेल्या पन्नास वर्षांत किमान अर्धा डझन उत्तरं आली, आणि प्रत्येक उत्तरात कुणाला तरी त्रास झालाच.

कोडिंग करत नसाल तरी हा पेच तुमच्या ओळखीचा आहे. गणपती मंडळाच्या वर्गणीची यादी घ्या. कुणीतरी पीडीएफ करून ग्रुपवर टाकली, ती पुढे चार ग्रुपवर गेली. मग लक्षात आलं की जोशीकाकांचे पाचशे रुपये लिहायचे राहिलेत. सुधारलेली पीडीएफ टाकली, पण जुनी अजून फिरतेच आहे. ही झाली कॉपी. दुसरा मार्ग म्हणजे ऑनलाइन शीट करून सगळ्यांना लिंक द्यायची. सुधारणा एकदा केली की सगळ्यांना दिसते. मात्र कुणाच्या बोटानं चुकून आख्खी रांग उडाली, तर तीही सगळ्यांचीच उडते. हे झालं शेअरिंग. आता यादीच्या जागी विमानाचं किंवा बँकेचं सॉफ्टवेअर ठेवा.

आजची गोष्ट सुरू होते १९७२ मध्ये, अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये. तिथं मार्क रॉशकाइंड नावाच्या प्रोग्रॅमरनं एससीसीएस नावाची सिस्टीम लिहायला घेतली. पूर्ण नाव सोर्स कोड कंट्रोल सिस्टीम. पहिला अवतार आयबीएमच्या मोठ्या मशीनवर स्नोबोल नावाच्या भाषेत होता, नंतर युनिक्ससाठी ती सी भाषेत पुन्हा लिहिली गेली. १९७५ च्या डिसेंबरमध्ये त्यानं यावर एक शोधनिबंध छापला, आणि त्याच्या सुरुवातीलाच त्यानं सांगितलं की आपण हे का करतोय.

त्याची अडचण सोप्या मराठीत सांगतो. सॉफ्टवेअरचं एक रिलीज गिऱ्हाइकाला दिलं म्हणून ते संपत नाही. रिलीज एक कुणी वापरतंय, रिलीज दोन कुणी वापरतंय, आणि तुम्ही ऑफिसात बसून रिलीज तीन लिहिताय. म्हणजे एकाच फाईलची तीन रूपं एकाच वेळी जिवंत आहेत. ती तीन वेगळ्या फाईल म्हणून ठेवली तर काय होतं? जागा तिप्पट लागते. एका रूपात केलेली दुरुस्ती दुसऱ्यात करायची राहून जाते. काय बदललं, कधी बदललं, कळत नाही. आणि गिऱ्हाइकाचा फोन आला की त्याच्याकडे नेमकं कुठलं रूप आहे हे शोधण्यातच दिवस जातो.

यातली जागेची अडचण आज हसण्यासारखी वाटते. पण त्या काळात पीडीपी-११ कॉम्प्युटरला लावायची आरके०५ नावाची डिस्क साधारण अडीच एमबीची होती. तुमच्या फोननं काढलेला एक बरा फोटो त्यात मावणार नाही. तेव्हा एकच ओळ तीनदा लिहिणं खरोखर परवडत नव्हतं.

रॉशकाइंडचं उत्तर मला आजही आवडतं. त्यानं सगळी रूपं एकाच फाईलमध्ये विणली. प्रत्येक ओळ एकदाच लिहायची, आणि तिच्याजवळ खुणा ठेवायच्या की ही ओळ अमुक बदलात आली, तमुक बदलात गेली. रिलीज एक हवं असेल तर सिस्टीम वरून खाली वाचत जाते आणि त्या रिलीजच्या ओळी तेवढ्या वेचून देते. रिलीज दोन मागा, त्याच फाईलमधून ते निघतं. दोन्हींत सारख्या असलेल्या ओळी डिस्कवर एकदाच. हवा तो बदल मुद्दाम आत घेता यायचा, नको तो वगळता यायचा.

गिऱ्हाइकाकडे कुठलं रूप आहे, यालाही त्यानं तोडगा काढला. कोडमध्ये एक विशिष्ट चिन्हांची खूण आणि तिच्या पुढं आवृत्तीचा नंबर लिहायचा. प्रोग्रॅम तयार झाला तरी ती खूण आत तशीच राहते. मग ‘व्हॉट’ नावाची छोटी कमांड चालवली की ती खूण शोधून नंबर दाखवते. आज आपण सपोर्टला फोन करतो तेव्हा पहिला प्रश्न येतो ना, “सर, अॅपचं व्हर्जन सांगा”, ते दुखणं इतकं जुनं आहे.

पण एक गोष्ट एससीसीएसनं सोडवली नाही. त्याची विणकाम एका फाईलपुरती होती. एकच फाईल दोन वेगळ्या प्रोग्रॅममध्ये लागते, किंवा दुसऱ्या कंपनीकडून आलेला कोड आपण घेतलाय आणि त्यांचीही नवी रिलीजं येत राहतात, तेव्हा काय?

मधला एक टप्पा पटकन उरकतो. १९८२ मध्ये पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांनी आरसीएस आणलं. त्यात सगळ्यात नवी आवृत्ती पूर्ण ठेवायची आणि जुन्यांसाठी फक्त फरक. त्यामुळे रोजचं काम पटपट व्हायचं. पण तेही फाईलवारीच. मग अॅमस्टरडॅममध्ये डिक ग्रून नावाच्या प्राध्यापकांना आपल्या दोन विद्यार्थ्यांबरोबर एका कंपायलरवर काम करायचं होतं, आणि तिघांची वेळापत्रकं जुळत नव्हती. म्हणून त्यांनी आरसीएसवर स्क्रिप्टांचा एक थर चढवला आणि १९८६ मध्ये तो सगळ्यांसाठी खुला केला. तेच सीव्हीएस.

इथं आपला मुद्दा परत येतो. १९८९ मध्ये ब्रायन बर्लिनर यांनी सीव्हीएस नव्यानं सी भाषेत लिहिलं. ते प्रिस्मा नावाच्या कंपनीत होते. सन कंपनीच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा सोर्स कोड त्यांच्याकडे होता आणि त्यात प्रिस्माचे स्वतःचे बदल चालू होते. सन नवं रिलीज पाठवायची, आणि ते आलं की प्रश्न पडायचा : आमचे बदल यात परत कसे बसवायचे? बर्लिनर यांच्या सीव्हीएसमध्ये यासाठी व्हेंडर ब्रांच आली. म्हणजे बाहेरून आलेला कोड एका वेगळ्या फांदीवर जसाच्या तसा ठेवायचा, हात लावायचा नाही. आपले बदल मुख्य खोडावर. नवं रिलीज आलं की ते फांदीवर चढवायचं आणि मग दोघांतला फरक खोडात मिसळायचा.

यात एक कबुली लपलेली आहे. बाहेरचा कोड तुम्ही खऱ्या अर्थानं शेअर करत नाही. तुम्ही त्याची कॉपी करता, आणि ती कॉपी कुठून आली याची नोंद प्रामाणिकपणे ठेवता. कॉपी करणं हा गुन्हा नाही. कॉपी केली हे विसरणं महाग पडतं. कसं, ते थोड्या वेळानं येईलच.

आता विंडोजच्या दुनियेत जाऊ. तुमच्या घरात कुणी २००० च्या आसपास विंडोजवर प्रोग्रॅमिंग केलेलं असेल, काका, मावशी, कुणीही, तर त्यांच्यासमोर ‘सोर्ससेफ’ एवढंच म्हणा आणि चेहरा बघा. व्हिज्युअल सोर्ससेफ. मुळात वन ट्री सॉफ्टवेअर नावाच्या छोट्या कंपनीचं, १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टनं विकत घेतलेलं. त्याची बदनामी खूप झाली, आणि काही अंशी ती रास्त होती. सगळा डेटा नेटवर्कवरच्या एका शेअर फोल्डरमध्ये, प्रत्येकाचा कॉम्प्युटर थेट तिथं लिहिणार. मधेच नेटवर्क तुटलं की डेटाबेस खराब व्हायची भीती.

पण मला सोर्ससेफची बाजू थोडी घ्यायचीय. कारण आपल्या प्रश्नाची सगळ्यात स्वच्छ शब्दावली त्यात होती. तीन शब्द : शेअर, पिन, ब्रांच.

शेअर म्हणजे एकच फाईल दोन प्रोजेक्टमध्ये दिसते. कॉपी नाही, तीच. एकीकडे बदल केला की दुसरीकडे आपोआप. पिन म्हणजे आपली टाचणी. या प्रोजेक्टमध्ये ही फाईल अमुक आवृत्तीवर टोचून ठेव. बाकीचे पुढे जाऊ देत, इथं ती हलणार नाही. टोचलेली फाईल त्या प्रोजेक्टमधून बदलताही येत नाही. आणि ब्रांच म्हणजे नातं तोडणं. इथून पुढं या दोन वेगळ्या फाईल, इतिहास तेवढा सामाईक.

मग रिलीज कसं काढायचं? समजा १.० गिऱ्हाइकाकडे गेलं. १.० नावाचा प्रोजेक्ट करायचा, त्यात सगळ्या फाईल शेअर करायच्या, आणि सगळ्यांना टाचण्या मारायच्या. मुख्य काम पुढं चालू. महिन्याभरानं १.० मध्ये बग निघाला. समजा हजार फाईलींपैकी तीनच बदलायच्या आहेत. त्या तीन फाईलींची टाचणी काढायची, त्यांची ब्रांच करायची, दुरुस्ती करायची. बाकीच्या नऊशे सत्त्याण्णव अजून सामाईकच. म्हणजे एकाच्या दोन फाईल होतात, पण फक्त गरज पडेल तिथं आणि तेव्हाच.

कागदावर सुंदर. व्यवहारात काय व्हायचं? टाचण्या मारायच्या कुणी? एखादी फाईल राहिली, तर मुख्य प्रोजेक्टमधला उद्याचा अर्धवट बदल थेट गिऱ्हाइकाच्या रिलीजमध्ये शिरायचा. आणि उलट, सगळं टोचून ठेवलं, तर सुरक्षेची महत्त्वाची दुरुस्तीसुद्धा बाहेर ताटकळत बसायची. टाचणी मारणं हे एका क्लिकचं काम. ती कधी काढायची हे ठरवायला कुणीतरी जबाबदार माणूस लागतो. तो कुठल्याच सॉफ्टवेअरबरोबर मिळत नाही.

शेअरिंगची किंमत किती होऊ शकते, याचं सगळ्यात मोठं उदाहरण त्याच काळातलं आहे. ते व्हर्जन कंट्रोलच्या टूलचं नाही, पण प्रश्न अगदी तोच, एकच कोड दोन उत्पादनांत.

४ जून १९९६. दक्षिण अमेरिकेत फ्रेंच गयानातलं कुरू. युरोपचं नवं रॉकेट, एरियान ५, पहिल्यांदा उडालं. उड्डाणाचा क्रम सुरू झाल्यापासून सुमारे ४० सेकंदांत ते वाकडं झालं, तुटलं आणि फुटलं. क्लस्टर मोहिमेचे चार उपग्रह त्यावर होते, तेही गेले.

चौकशीत निघालं ते असं. रॉकेटची दिशा आणि वेग सांगणाऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर आधीच्या एरियान ४ मधून आलं होतं. एरियान ४ मध्ये ते वर्षानुवर्षं छान चाललेलं. त्यात एक हिशोब असा होता, जो एरियान ४ साठी उड्डाणानंतरही काही काळ चालू ठेवायचा होता. एरियान ५ मध्ये जमीन सोडल्यावर त्या हिशोबाचा काहीच उपयोग नव्हता. तरी तो ठेवला, कारण दोन्ही रॉकेटांत कोड सारखा राहावा, आणि चालतंय त्याला हात कशाला लावा. एरियान ५ आडव्या दिशेनं जास्त वेग घेत होतं. त्या वेगाशी संबंधित एक ६४ बिटांचा आकडा १६ बिटांच्या जागेत कोंबायला गेला, मावला नाही, आणि यंत्रणा बंद पडली. पर्यायी यंत्रणा होती ना? होती. तिच्यात तंतोतंत तेच सॉफ्टवेअर होतं. ती याच कारणानं एका सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळ आधीच बंद पडली होती.

लक्षात घ्या, फाईल ‘चुकीची’ नव्हती. एरियान ४ साठी ती बरोबरच होती. सामाईक कोडबद्दल बोलताना आपण हे हमखास विसरतो. फाईलमध्ये ओळी असतात तसे काही न लिहिलेले हिशोबही असतात, की हे रॉकेट एवढंच जोरात जाईल. ओळी शेअर होतात तेव्हा ते हिशोबही बरोबर जातात, कुणाला न सांगता.

हे ऐकून वाटेल, मग कॉपीच बरी. प्रत्येकानं आपली फाईल आपल्याकडे ठेवावी.

तर आता झेडलिब.

मार्च २००२. झेडलिबच्या १.१.३ या आवृत्तीत एक बग जाहीर झाला. विशिष्ट प्रकारे बिघडवलेला डेटा उलगडायला दिला, तर प्रोग्रॅम मेमरीचा एकच तुकडा दोनदा परत करायचा. एखादी खोली एकदा सोडल्यावर पुन्हा सोडतोय म्हणून किल्ली द्यायला जावं, तसं. नुसतं क्रॅश होणं हा त्यातला हलका प्रकार, हल्लेखोराला त्यातून आत घुसायचीही शक्यता. दुरुस्ती छोटी होती, आणि १.१.४ लगेच आली.

ज्या लिनक्स मशीनवर प्रोग्रॅम सामाईक लायब्ररी वापरत होते, तिथं ती एक फाईल बदलली की काम झालं. पण कितीतरी प्रोग्रॅमांनी झेडलिबचा कोड उचलून आपल्या सोर्समध्येच ठेवला होता. का? कारण बाहेरच्या लायब्ररीवर अवलंबून राहायची कटकट नको, आमच्या रिलीजला जी आवृत्ती तपासली तीच कायम राहावी. कारण रास्तच आहे. काहींनी तर त्यात आपले बदलही केलेले. आरसिंक या फाईल-सिंकच्या प्रोग्रॅममध्ये झेडलिबची स्वतः बदललेली प्रत होती. लिनक्सच्या कर्नलमध्येसुद्धा हा कोड एकाहून जास्त ठिकाणी कॉपी होऊन बसला होता. आणि गंमत ऐका : सीव्हीएस, म्हणजे ज्या टूलनं बाहेरचा कोड नीट सांभाळायची पद्धत जगाला दाखवली, त्याच्या स्वतःच्या सोर्समध्येही झेडलिबचं आख्खं फोल्डर होतं.

आता दुरुस्ती कुणाला पाठवायची? यादीच नाही. कुणी कुठं कॉपी केली याची नोंद कुठल्याही एका ठिकाणी नाही. लोक अक्षरशः प्रोग्रॅमच्या फाईलींत झेडलिबच्या खुणा शोधत बसले. तीच रॉशकाइंडची चौथी अडचण, तीस वर्षांनी : गिऱ्हाइकाकडे नेमकं काय आहे? डेबियन या लिनक्स वितरणानं तर नियमच ठेवलाय की दुसऱ्या पॅकेजचा कोड आपल्या पॅकेजमध्ये कोंबू नका, आणि त्यांची सुरक्षा टीम अशा दडलेल्या प्रतींची यादी सांभाळते. कंटाळवाणं काम आहे. मला विचाराल तर या सगळ्या कहाणीत सगळ्यात कमी कौतुक झालेलं काम तेच.

२००४ मध्ये सबव्हर्जन १.० आलं, आणि थोड्या काळासाठी वाटलं की आता दोन्हीकडचं चांगलं मिळणार. त्यात फोल्डरची कॉपी करणं जवळजवळ फुकट होतं, कारण आतून ती फक्त जुन्याकडे दाखवणारी एक नोंद असे. रिलीज काढायचं म्हणजे एक स्वस्त कॉपी करून तिला नाव द्यायचं. आणि सामाईक कोडसाठी होतं ‘एक्स्टर्नल्स’. म्हणजे आपल्या फोल्डरला सांगून ठेवायचं की इथं अमुक पत्त्यावरचा कोड आणून ठेव.

यात एक खड्डा होता. समजा तुम्ही २००६ मध्ये रिलीज १.० ची कॉपी करून नाव दिलंत. तुमच्या समजुतीनं ती गोठली. दोन वर्षांनी बग तपासायला तुम्ही १.० बाहेर काढता. तुमचा कोड २००६ चाच येतो, पण एक्स्टर्नल्सला आवृत्तीचा नंबर दिला नसेल तर सामाईक फोल्डर मात्र आजचं येतं! म्हणजे जे गिऱ्हाइकाला कधी दिलंच नाही असं मिश्रण तुमच्या स्क्रीनवर. सोर्ससेफमध्ये टाचणी विसरली की जे व्हायचं, तेच इथं. जाणकार सांगायचे की नंबर टाका, नंबर टाका. पण रिलीजची कॉपी करतानाच या टाचण्या आपोआप मारायची सोय सबव्हर्जनमध्ये आली ती १.९ मध्ये, २०१५ साली. तोवर बरीच मंडळी गिटवर गेली होती.

गिट. एप्रिल २००५, लिनस टोरवाल्ड्स, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल, म्हणून आपल्या कामापुरतंच बोलतो. गिटमध्ये फाईलला आतून नाव मिळतं ते तिच्या मजकुरावरून, ४० अक्षरांचं. मजकूर तोच तर नाव तेच. त्यामुळे एकच फाईल शंभर रिलीजमध्ये असली तरी ती एकदाच साठवली जाते, कुणी काही न सांगता. रॉशकाइंडची जागेची अडचण इथं विषय म्हणूनच संपली.

पण बाकीच्या तीन राहिल्या. दोन वेगळ्या रेपोमध्ये सामाईक कोड हवा असेल तर गिटनं २००७ मध्ये सबमोड्यूल दिलं. त्यात टाचणी ऐच्छिक नाहीच. दुसऱ्या रेपोतला नेमका कुठला कमिट, ते नोंदवलंच जातं. म्हणून जुनं रिलीज काढलं की जुनाच सामाईक कोड येतो, सबव्हर्जनचा खड्डा बुजला. आणि लगेच तक्रारी सुरू झाल्या. “मी सामाईक कोड दुरुस्त केला, तुझ्याकडे का नाही आला?” कारण तू टाचणी पुढं सरकवली नाहीस. सबमोड्यूलला शिव्या घालणारे खूप भेटतील. मला त्यातल्या अर्ध्या शिव्या अन्यायाच्या वाटतात. त्याचं वागणं किचकट आहे हे खरं, पण ज्या गोष्टीबद्दल लोक चिडतात ती म्हणजे त्यानं निर्णय तुमच्यावर सोडला, आणि निर्णय घ्यायचा कंटाळा येतो.

गूगलनं नेमकं उलटं टोक धरलं. त्यांनी २०१६ मध्ये छापलेल्या लेखात आपले आकडे दिलेत, जानेवारी २०१५ चे : एकाच रेपोत साधारण १ अब्ज फाईल, २ अब्ज ओळी कोड, ८६ टेराबाइट. आधी हे सगळं पर्फोर्सवर, एका मुख्य सर्व्हरवर दहा वर्षांहून जास्त काळ चाललं, मग त्यांनी पायपर नावाची स्वतःची सिस्टीम केली. तिथं बहुतेक सगळे एकाच खोडावर काम करतात. सामाईक लायब्ररी बदलायची असेल तर ती वापरणाऱ्यांचा कोड मोडू नये, ही जबाबदारी बदल करणाऱ्याची. रिलीज काढताना तेवढी एक फांदी तोडायची, आणि नंतर गरज पडली तर खोडावरची दुरुस्ती वेचून त्या फांदीवर आणायची. याला चेरी-पिक म्हणतात. म्हणजे टाचणी आहे, पण दोन-चार दिवस किंवा आठवड्यांपुरती. ऐकायला आदर्श, पण हे चालवायला त्यांनी जी यंत्रं आणि माणसं लावली, ती तुमच्या-माझ्या पाच जणांच्या स्टार्टअपला कुठून आणायची?

बाकी जग मधल्या रस्त्यावर आलं, पॅकेज मॅनेजरच्या. सामाईक कोड रेपोत ठेवूच नका, नाव आणि आवृत्तीचा नंबर लिहा, तो इंटरनेटवरून येईल. २२ मार्च २०१६ ला जावास्क्रिप्टच्या एनपीएम भांडारातून लेफ्ट-पॅड नावाचं पॅकेज त्याच्या लेखकानं काढून घेतलं. अकरा ओळींचा कोड, मजकुराच्या डाव्या बाजूला जागा भरणारा. जगभर बिल्ड कोसळायला लागली, आणि काही तासांत ते परत ठेवावं लागलं. ज्यांनी आपल्या रेपोत कॉपी ठेवली होती, त्यांना त्या दिवशी काही कळलंसुद्धा नसेल. प्रत्येक दिवस एकाच बाजूचा नसतो, एवढंच.

शेवटचा प्रसंग पुन्हा झेडलिबचाच, आणि हा मला २००२ पेक्षा जास्त अस्वस्थ करतो.

एप्रिल २०१८ मध्ये झेडलिबच्या रेपोत एक दुरुस्ती कमिट झाली. विशिष्ट सेटिंगमध्ये डेटा दाबताना मेमरी बिघडू शकत होती, ते नीट केलं. कोड बरोबर झाला, जाहीर रेपोत, कुणीही बघावं. पण नवं रिलीज निघालं नाही. शेवटचं रिलीज होतं १.२.११, जानेवारी २०१७ चं. आणि जगातले बहुतेक जण रिलीज घेतात, कमिट नाही. सगळ्यांची टाचणी १.२.११ वर. शेअर करणाऱ्यांचीही, कॉपी करणाऱ्यांचीही. मार्च २०२२ मध्ये टॅव्हिस ऑर्मंडी हे सुरक्षा संशोधक एका क्रॅशचा माग काढत तिथं पोचले, आणि त्यांना दिसलं की याची दुरुस्ती तर जवळजवळ चार वर्षांपूर्वीच झालीय. ती गिऱ्हाइकांपर्यंत गेली नाही, एवढंच. मग २७ मार्च २०२२ ला १.२.१२ आली.

इथं टूलचा दोष शोधू नका. गिटनं आपलं काम केलं होतं, प्रत्येक ओळीचा हिशोब त्यात होता. राहिलं होतं ते एकच काम : “हे आता रिलीज” असं कुणीतरी म्हणणं. आणि ज्या प्रकल्पावर अब्जावधी उपकरणं उभी आहेत तो मुख्यतः हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं सांभाळतात.

१.२.१२ मध्येही काही गोष्टी दुरुस्त करायच्या निघाल्या, म्हणून ऑक्टोबर २०२२ मध्ये १.२.१३ आली. पुन्हा जगभरच्या टीमांनी आपापली टाचणी काढली आणि एक घर पुढं मारली. म्हणजे ज्यांना आपल्याकडे झेडलिबची कॉपी आहे हे ठाऊक होतं, त्यांनी.